सीडर मेसाच्या घळींत उतरताना: पाणी, परमिट, मुक्काम आणि जुनी घरं

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या ट्रेकर मंडळींचा यूटाच्या आग्नेय कोपऱ्यातला बेत बहुतेक वेळा एकाच पद्धतीने फसतो. हरिश्चंद्रगड, रतनगड, राजमाची पायाखाली घातलेली माणसं असतात, पायांत दम असतो, आणि म्हणूनच तयारी सह्याद्रीची होते. गडावर टाक्यात पाणी मिळेल, रात्री गुहेत पथारी टाकू, चूल पेटवून खिचडी लावू. तिथल्या सीडर मेसा या घळींनी चिरलेल्या पठारावर यातलं काहीच चालत नाही. खोदलेली टाकी नाहीत. घळींच्या कपारींत मूळ रहिवाशांनी बांधलेल्या जुन्या वास्तूत झोपायला बंदी आहे. घळीत चूल पेटवायला बंदी आहे. आणि चढ येतो तो शेवटच्या दिवशी, पाय भरून आल्यावर.

खाली केन गल्चने उतरून ग्रँड गल्चमधून चालत बुलेट कॅन्यनने (या तिन्ही घळीच) वर येण्याची २३ मैलांची (सुमारे ३७ किमी) वाट धरून सगळा क्रम दिला आहे. आसपासच्या बाकीच्या घळींनाही तो थोड्याफार फरकाने लागू पडतो.

१. आधी महिना ठरवा, मग सुट्टी

उलटं करणारे फार. जुलैच्या लाँग वीकेंडला सुट्टी मिळते म्हणून तेव्हाच जायचं ठरतं, आणि तो इथला सर्वांत वाईट काळ. ऊन भाजून काढतं, झरे आटलेले असतात आणि जुलै ते सप्टेंबर वळवासारख्या पावसाने घळींना अचानक लोंढे येतात. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत किंवा सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत जा. पाण्याच्या दृष्टीने वसंत ऋतू उजवा, कारण बर्फ वितळून झरे भरलेले असतात.

मात्र मेसाचं पठार सुमारे साडेसहा हजार फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही उंच. ‘वाळवंट’ म्हणून नुसत्या टी-शर्टवर आलेले लोक एप्रिलच्या पहाटे बाटलीतलं पाणी गोठलेलं बघतात.

वाट निवडताना सोबत कोण आहे ते बघा. घरातली मोठी माणसं आणि मुलं असतील तर ओझं घेऊन घळीत मुक्काम करण्याचा हट्ट धरू नका. त्यांच्यासाठी हायवे ९५ लगतची म्यूल कॅन्यनची वास्तू आहे, ती गाडीतून उतरल्यावर समोरच दिसते. बटलर वॉशला अर्धा मैल चाललं की कठड्यावरून पलीकडच्या कपारीतली घरं दिसतात. म्यूल कॅन्यनच्या दक्षिण फाट्यात मैलभर आत ‘हाउस ऑन फायर’ आहे. तिथे साधारण दहा-अकराच्या सुमारास परावर्तित उजेडाने छतावरचा वालुकाश्म ज्वाळांसारखा पेटलेला दिसतो. पहिल्यांदाच येणाऱ्या तरुण गटानेही एक दिवस या जागांसाठी ठेवावा. विरळ हवेची सवय होते आणि कुणाचा बूट चावतो हेही कळतं.

२. परमिट

इथल्या घळींत रात्री राहायचं तर परमिट लागतं. रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर आधी जागा राखून ठेवावी लागते, आणि एप्रिल-मेचे शनिवार-रविवार लवकर भरतात. दिवसभरात जाऊन यायचं असलं तरी शुल्क भरावं लागतं. मून हाउस या वास्तूसाठी वेगळं परमिट आहे, तिथे दिवसाला फक्त २० माणसांना सोडतात. ‘जाता जाता मून हाउस करू’ असा बेत आखू नका.

गट जास्तीत जास्त १२ जणांचा. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर ‘कोण कोण येणार?’ विचारलं की वीस हात वर होतात. मग दोन परमिटं काढून ‘खाली एकत्र भेटू’ अशी शक्कल निघते, ती नियमात बसत नाही. माझ्या मते बाराही जास्तच होतात. झऱ्यापाशी बारा जणांचं पाणी भरून होईपर्यंत तास जातो, आणि बारा तंबूंना पुरेल अशी सपाट जागा क्वचितच सापडते. चार ते सहा जण ठीक.

> तपासा: कुत्रा नेणार आहात का? ग्रँड गल्च आणि तिच्या फाट्यांत पाळीव प्राण्यांना प्रवेश नाही. हे ट्रेलहेडवर, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे, कळलं तर कुणाला तरी कुत्र्यासोबत गाडीत बसून राहावं लागतं.

३. पाण्याचा हिशोब आधी, मुक्काम त्यानंतर

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. लोक नकाशावरच्या २३ मैलांना तीनने भागतात आणि जिथे रेघ पडेल तिथे तंबू ठरवतात. इथे मुक्काम पाणी ठरवतं. या वाटेवर जंक्शन, टोडी, स्प्लिट लेव्हल, शीक्स कॅन्यनच्या तोंडाशी ग्रीन मास्क आणि बुलेटमध्ये जेलहाउस ही झऱ्यांची नावं पुन्हा पुन्हा कानावर येतील. नकाशावर झरा दाखवला म्हणजे त्यात पाणी असेलच, असं नाही. एखाद्या वर्षी ओंजळभर डबकं असतं, एखाद्या वर्षी नुसती ओली वाळू.

क्रम असा ठेवा:

1. निघण्याच्या आठवड्यात केन गल्च रेंजर स्टेशनला विचारा की कुठल्या झऱ्याला पाणी आहे. चार महिन्यांपूर्वीच्या कुणाच्या फोटोवर विसंबू नका.
2. ‘पाणी आहे’ असं नक्की कळलेल्या जागांवर खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा.
3. त्यांतल्या एका ठिकाणी पाणी मिळालंच नाही असं गृहीत धरून पुन्हा हिशोब करा. तरीही जमत असेल तरच बेत पक्का.
4. माणशी रोज किमान चार लिटर धरा, गरम दिवसात त्याहून जास्त. स्वयंपाकाचं पाणी वेगळं. प्रत्येकाकडे सहा लिटर मावतील एवढ्या बाटल्या किंवा पिशव्या असाव्यात, भले त्या निम्मा वेळ रिकाम्या राहोत.

झऱ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी गाळून आणि निर्जंतुक करूनच प्या. पाऊस पडून गेला असेल तर प्रवाह गढूळ होतो आणि त्या बारीक मातीने फिल्टर एका बाटलीतच तुंबतो. इथे घरातली तुरटी कामाला येते. घडीच्या बादलीत पाणी भरा, चिमूटभर तुरटीची पूड ढवळा आणि तासभर हलवू नका. गाळ तळाशी बसला की वरचं निवळलेलं पाणी अलगद काढून फिल्टरमधून जाऊ द्या. या भागातले नदीवर राफ्ट नेणारे लोकही तुरटीच वापरतात. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, तेव्हा पुढची पायरी गाळू नका.

> सावधान: नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं मीठ कमी होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो, आणि बाकीचे त्याला आणखी पाणी पाजतात. ओआरएसची पाकिटं किंवा मीठ-साखर-लिंबू हवंच, आणि सोबत खारट काहीतरी तोंडात टाकत राहा.

४. सामान

सगळी यादी देत नाही, ट्रेक करणाऱ्यांना ती ठाऊक असते. जे हमखास चुकतं तेवढंच.

जेवण: भात, डाळ, खिचडी हे सगळं पाणी आणि गॅस पितं. निदान एक पूर्ण दिवस न शिजवता निभेल एवढं कोरडं खाणं ठेवा. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी, चिक्की. आपल्या आज्या प्रवासाला हेच बांधून देत, आणि कुठल्याही महाग ‘ट्रेल फूड’पेक्षा हे बरं टिकतं. घळीत उंदीर फार, म्हणून खाणं रात्री तंबूत न ठेवता टणक डब्यात भरून ठेवा किंवा टांगा.

शेगडी: विमानाने येणार असाल तर गॅसचं डबडं सोबत आणता येत नाही. ते वाटेतल्या मोठ्या गावात घ्या आणि शेगडीला बसतं का ते दुकानातच लावून बघा.

शौच: घट्ट बंद होणाऱ्या खास पिशव्या मिळतात, ‘वॅग बॅग’ या नावाने. माणशी दिवसाला एक आणि वर एखादी जास्तीची. कोरड्या वाळूत पुरलेलं लवकर कुजत नाही आणि सपाट जागा मोजक्याच असल्याने पुढच्याचा तंबू नेमका त्यावरच येतो. कागदही परत आणायचा. लाजून हा विषय टाळणाऱ्या गटाची पंचाईत दुसऱ्या दिवशी सकाळी होते.

नकाशा: नॅशनल जिऑग्राफिकचा ७०६ क्रमांकाचा कागदी नकाशा याच भागाचा आहे, तो घ्या. फोनमध्ये ऑफलाइन नकाशा ठेवा, पण उंच भिंतींमुळे जीपीएसचा ठिपका कधी कधी भलत्याच फाट्यात दिसतो. मोबाइलला रेंज नसते. गटात एक तरी उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र असावं. अरुंद जागी तेही अडतं, म्हणून आकाश मोकळं दिसेल तिथे थांबून वापरा.

काठ्या: टोकांना रबरी टोप्या लावा. उघड्या लोखंडी टोकांनी खडकावर पांढरे ओरखडे उठतात आणि ते वर्षानुवर्षं राहतात.

५. गाडी, पेट्रोल आणि घड्याळ

पेट्रोल आणि पिण्याचं पाणी ब्लँडिंग, ब्लफ किंवा मेक्सिकन हॅटमध्येच भरून घ्या, मेसावर दोन्ही मिळेल या आशेवर येऊ नका. दक्षिणेकडून हायवे २६१ ने आलात तर मोकी डगवे लागतो. तीन मैलांचा कच्चा रस्ता, कठडा जवळपास नाहीच, आणि अकराशे फुटांहून जास्त चढाची वळणं. साधी गाडी कोरड्यात नीट जाते. भाड्याची मोठी आरव्ही (आत राहण्याची सोय असलेली गाडी) घेऊन या वाटेला जाऊ नका, उत्तरेकडून हायवे ९५ ने या.

रेंजर स्टेशन फक्त वसंत आणि शरद हंगामात उघडं असतं, तेही सकाळी ८ ते दुपारी १२. परमिट हातात घेणं, माहितीचा व्हिडिओ बघणं, पाण्याची ताजी खबर घेणं, सगळं त्याच वेळात. फिनिक्सहून येणारे इथे हटकून फसतात. ॲरिझोनात उन्हाळी वेळ पाळत नाहीत, यूटात पाळतात, त्यामुळे मार्च ते नोव्हेंबर यूटाचं घड्याळ तासभर पुढे असतं. ‘अकराला पोचलो’ म्हणणाऱ्यांना दाराला कुलूप दिसतं.

केन आणि बुलेटच्या ट्रेलहेडमध्ये साडेसात मैलांचं अंतर आहे. दोन गाड्या असतील तर एक आधी बुलेटला लावा. एकच असेल तर ती बुलेटला ठेवून, आधी ठरवलेल्या सोयीने केनला या. शेवटच्या दिवशी डांबरी रस्त्यावर लिफ्ट मागत उभं राहण्यापेक्षा ते परवडतं. बुलेट ट्रेलहेडकडे जाणारा गाडीरस्ता मातीचा आहे. ओला झाला की चाकाला चिखलाचे गोळे चिकटतात आणि चारी चाकं फिरणारी गाडीही जागच्या जागी घसरते.

> तपासा: दुसऱ्या गाडीची किल्ली कुणाकडे आहे? ती पहिल्या गाडीत राहणं ही या वाटेवरची सर्वांत जुनी चूक आहे.

६. उतरणं आणि चालणं

केन गल्चची सुरुवात फसवी आहे. उथळ ओढ्यासारखी वाट, विलोची झुडपं, ‘हेच का ते कॅन्यन?’ असं वाटायला लावणारी. भिंती हळूहळू उंच होत जातात आणि चार मैलांवर ग्रँड गल्च मिळते. जंक्शनची वास्तू तिथेच आहे, टर्की पेन ही वास्तू त्यापुढे मैलाच्या आत. पहिला मुक्काम या टापूत किंवा थोडा पुढे टोडी कॅन्यनच्या तोंडाशी करावा. पहिल्याच दिवशी दहा मैल तोडायची घाई करणारे सगळी वास्तू घाईत बघतात आणि दुसऱ्या दिवशी फोड आलेल्या पायांनी चालतात.

चालताना पाळायचे काही नियम:

- मळलेली वाट, ओढ्याची वाळू किंवा उघडा खडक, एवढ्यावरच पाय ठेवा. कडेला काळपट, खडबडीत, छोटे छोटे उंचवटे आलेली माती दिसेल. ती जिवंत आहे, सूक्ष्म जीव, शैवाक आणि शेवाळ यांनी धरून ठेवलेली. बुटाचा एक ठसा भरून यायला दशकं लागतात.
- वाटेत कोरड्या धबधब्याचा टप्पा आडवा आला तर उडी मारू नका. शेजारून वळसा असतो, दगडांच्या छोट्या राशी शोधा. ज्यावरून परत चढता येणार नाही तिथून उतरायचं नाही, हे गटातल्या सर्वांत उत्साही माणसाला आधीच बजावून ठेवा.
- प्रत्येक फाट्याच्या तोंडाशी थांबून मागे वळून बघा. परतताना वाट त्याच बाजूने दिसणार असते, आणि ती वेगळीच वाटते.
- झऱ्याजवळच्या दाट हिरवाईत तीन पानांची चकाकती झुडपं दिसली तर अंग लागू देऊ नका. ती पॉयझन आयव्ही असते, दोन दिवसांनी पुरळ उठतं.

> सावधान: डोक्यावर निळं आकाश असलं तरी पंधरा मैलांवरच्या पावसाने लोंढा येऊ शकतो. पाणी अचानक गढूळ झालं, त्यात काटक्या-पानं वाहू लागली किंवा वरच्या अंगाला घरघर ऐकू आली, तर सामान आवरत बसू नका. बाजूच्या उंच खडकावर चढा आणि पाणी ओसरेपर्यंत तिथेच थांबा. बहुतेक लोंढे काही तासांत उतरतात.

७. तंबू कुठे टाकायचा

आधी वापरात असलेली जागा घ्या, नवी साफ करू नका. विलोच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा बघा, मागचा लोंढा किती उंच आला होता ते त्यावरून कळतं. तंबू त्या रेषेच्या वर. झऱ्याला अगदी खेटून बसू नका, रात्री हरणं आणि इतर जनावरं तिथेच पाण्याला येतात. साबण प्रवाहात नाही, झऱ्यात तर मुळीच नाही.

आणि गुहा. पावसाची सर आली की सह्याद्रीतला माणूस आपसूक कपारीकडे धावतो. इथे कोरडी, ऐसपैस, दक्षिणेला तोंड असलेली कपार म्हणजे जवळपास नक्कीच कुणाचं तरी जुनं घर. तिथे मुक्काम करायला मनाई आहे. चुलीचंही तसंच. काजळीने भिंतीवरची चित्रं झाकली जातात आणि नव्या कोळशाची जुन्यात भेसळ झाली की त्या जागेचा काळ ठरवणं अवघड होतं.

८. जुन्या घरांपाशी

प्वेब्लो या मूळ रहिवासी लोकांच्या पूर्वजांची ही घरं तेराव्या शतकाच्या अखेरीस रिकामी झाली. होपी, झुनी आणि इतर प्वेब्लो समाज आजही त्यांना आपल्या वाडवडिलांची जागा मानतात. त्यामुळे ‘कुणी राहत नाही, मग आत गेलं तर काय’ हा प्रश्न विचारूच नका. क्रम असा:

1. लांबून थांबा. पाठीवरची सॅक उतरवा आणि काठ्याही खाली ठेवा. मोठी सॅक घेऊन वळताना सातशे वर्षं टिकलेला कोपरा एका धक्क्यात पडतो.
2. पायाखाली बघा. घरांच्या खालच्या उतारावर राखाडी, भुसभुशीत माती दिसते. तो त्यांचा उकिरडा आहे आणि कित्येक ठिकाणी तिथेच दफनंही आहेत. सरळ चढून जायची वाट नेमकी त्यावरूनच जाते असं वाटतं. जाऊ नका, बाजूने खडकावरून जा.
3. भिंतीला हात लावू नका, टेकू नका, वर चढू नका. खोलीत शिरू नका. उंदरांच्या लेंड्या असलेल्या बंद जागेतली धूळ फुफ्फुसात गेल्यास हंटाव्हायरसचाही धोका असतो.
4. चित्रांना स्पर्श नाही, पाणी शिंपडून ‘उठाव’ आणणं नाही. त्वचेचं तेलही रंग खातं.
5. खापराचा तुकडा उचलून बघितला तर जिथून उचलला तिथेच ठेवा. सपाट दगडावर खापरं, मक्याची कणसं मांडून छोटं प्रदर्शन लावायची सवय लोकांना लागली आहे. त्याने कुठला तुकडा कुठल्या खोलीचा, हे कायमचं पुसलं जातं.

खिशात घालणं तर गुन्हाच. १९७९ च्या पुरातत्त्व संपदा संरक्षण कायद्यानुसार पहिल्याच गुन्ह्याला १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि वर्षभर कैद होऊ शकते, आणि वस्तूचं मूल्य ५०० डॉलरहून जास्त असेल तर शिक्षा दुप्पट. व्हिसावर असलेल्यांनी हे दोनदा वाचावं.

एवढं पाळून जे बघायला मिळतं ते डोळ्यांनीच बघायचं असतं. भिंतीच्या सांध्यांवर उजेड तिरपा पडेपर्यंत थांबा. दगडांमधल्या चिखलात दाबलेली बोटं दिसतील, काही इतकी बारीक की लहान मुलाचीच असावीत. मधे कुठे मक्याचं अंगठ्याएवढं बुटकं कणीस चिखलात रुतलेलं असतं, फट भरायला खुपसलेलं. बुलेटमधल्या जेलहाउसच्या खिडकीला काठ्यांची जाळी आहे, त्यावरूनच नाव पडलं, आणि वरच्या भिंतीवर मोठी पांढरी वर्तुळं. जवळच परफेक्ट किव्हा आहे (किव्हा म्हणजे विधींसाठीची जमिनीखालची खोली). तिच्या छतातून शिडीने आत उतरायला परवानगी आहे का, ते रेंजरला आधीच विचारून घ्या.

> तपासा: फोनचं लोकेशन बंद केलंत का? आडबाजूच्या जागेचा फोटो अचूक ठिकाणासह टाकला की पुढच्या हंगामात तिथे पायवाट पडलेली असते.

९. बुलेटचा चढ

जेलहाउसपासून बुलेट ट्रेलहेड सुमारे पाच मैल. अंतर किरकोळ, पण वर जाताना घसरगुंडीसारखे उघडे खडक, मोठ्या शिळा आणि झुडपांतून काढलेले वळसे आहेत, म्हणून वेग अर्ध्यावर येतो. आदल्या रात्री जेलहाउसच्या आसपास मुक्काम करा, पहाटे उजाडताच निघा आणि बाटल्या पूर्ण भरून घ्या, कारण पुढे पाण्याचा भरवसा नाही. ‘शेवटचाच दिवस आहे, ओझं कशाला’ म्हणून पाणी ओतून देणारे लोक दुपारी सावली शोधत बसलेले दिसतात. खडक ओला असेल तर थांबा, ओला वालुकाश्म घसरतोही आणि कडांना तुटतोही.

गटाने सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावं. आपल्याकडे तो मागे पडतो, आणि पुढचे विश्रांती संपवून उठतात तेव्हाच तो पोचतो, म्हणजे त्याला विश्रांती मिळतच नाही.

१०. वर आल्यावर

घरी ज्याच्याकडे बेत लिहून दिला होता त्याला रेंज मिळताच कळवा. ‘संध्याकाळी फोन नाही आला तर शेरीफच्या कार्यालयाला कळव’ असं सांगून ठेवलं असेल आणि तुम्ही ब्लफमध्ये निवांत जेवत बसलात, तर शोधपथक नाहक बाहेर पडतं.

वापरलेल्या वॅग बॅगा ट्रेलहेडच्या शौचालयात टाकायच्या नाहीत, टाकी तुंबते. एका जास्तीच्या पिशवीत बांधून गाडीत मागे ठेवा आणि गावातल्या कचरापेटीत टाका. भाड्याची गाडी असेल तर खिडकी थोडी उघडी ठेवा.